मारुतीच्या देवळामागचा दगड: गावातला दुर्लक्षित इतिहास कसा वाचायचा आणि कसा नोंदवायचा

पावसाळ्यात नाणेघाटात गर्दी उसळते. उलटा धबधबा, ढग, घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणापाशी फोटो, आणि मंडळी परत फिरतात. तिथल्याच लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. तिच्या काळी झालेले यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, कार्षापणं (त्या काळची नाणी), सगळं आकड्यांसह त्यात आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी काही याच भिंतीवर आहेत. मागच्या भिंतीला सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पुतळे गेलेत, वर कोरलेली नावं तेवढी राहिली आहेत.

नाणेघाटाचा लेख निदान वाचून छापला तरी गेला. तुमच्या गावच्या मारुतीच्या देवळामागे टेकून ठेवलेला, अर्धा शेंदरात बुडालेला दगड कुणी मोजलेलासुद्धा नसतो. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, जुने दगड भरावात जातात आणि गावाचं एक पान कायमचं हरवतं. ते जाण्याआधी नोंद कशी करायची, हे इथे क्रमानं दिलं आहे. त्यासाठी पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. शिस्त मात्र लागते.

बरोबर काय घ्यायचं

५ मीटरची मोजपट्टी. १० सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाड पुठ्ठ्याची मोजकाठी (घरी करता येते). दोन टॉर्च, त्यातली एक अरुंद झोताची. पाण्याची फवारणी बाटली. दाढीचा जुना मऊ ब्रश. काळी छत्री. होकायंत्र, म्हणजे फोनमधलंही चालेल. कोऱ्या पानांची वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई पावसात आणि घामात पसरते. फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा.

काय न्यायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं आहे: खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश, ॲसिड, खुरपं. खडूनं अक्षरं भरली की आपल्याला जे वाटतं तेच दगडावर दिसायला लागतं आणि पुढच्या वाचकाचीही दिशाभूल होते. तेलानं दगड काळा पडतो, त्यावर धूळ बसून थर चढतो. ॲसिडनं वरचा पातळ पापुद्राच निघतो, आणि उथळ कोरीवकाम त्या पापुद्र्यातच असतं.

१. आधी एकच दगड निवडा

नवखी मंडळी एका रविवारी पाच गावं करतात आणि हाती दोनशे फोटो येतात. कुठला दगड कुठल्या गावचा, हे महिन्याभरानं त्यांनाही सांगता येत नाही. एक दगड किंवा एक देऊळ घ्या आणि ते पूर्ण करा.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. जागा केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का? असेल तर १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. साधे फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, पण ठसा घेणं, दगड हलवणं, साफ करणं परवानगीशिवाय करता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण असतं. देऊळ अशा पट्ट्यात येत असेल तर जीर्णोद्धार समितीलाही हे माहीत असायला हवं. दुसरं म्हणजे, कुणी आधी नोंद केली आहे का? एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी जिल्हा गॅझेटियरं, त्यांच्या मराठी आवृत्त्या, कोरीव लेख छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’चे खंड, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, आणि शं. गो. तुळपुळे यांचा मराठी कोरीव लेखांचा संग्रह एवढं चाळलं तरी बरंच कळतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावांची नावं वेगळ्या वळणानं लिहिलेली असतात. वसईचं ‘बसीन’, ठाण्याचं ‘टाना’, पुण्याचं ‘पूना’. त्यामुळे एकच नाव तीन-चार प्रकारे शोधा.

२. गावाला विचारल्याशिवाय दगडाला हात नाही

गुरव किंवा पुजारी, देवस्थानचे पंच, सरपंच यांना आधी भेटा. आपण कोण, कशासाठी आलो, फोटो कुठे जाणार, हे साध्या शब्दांत सांगा. दगडाला शेंदूर असेल तर तो तिथल्या लोकांचा देव आहे. शेंदराखाली काय आहे ते बघायचा मोह आवरा. शेंदराची कवचं कधीकधी आपोआप गळून पडतात, आणि देवस्थान स्वतः ती काढणार असेल तर त्या वेळी हजर राहा. स्वतः खरवडू नका.

एक सापळा इथेच आहे. ‘हा दगड फार मौल्यवान आहे’ असं चावडीवर बोललात, की दोन दिवसांत गुप्तधनाची कुजबुज सुरू होते आणि अमावास्येला कुणीतरी खणायला येतं. वीरगळाखाली, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेखाली, खणून तो उलथलेला अनेक गावांत दिसतो. म्हणून ‘हे गावातल्या वीराचं स्मारक आहे, खाली काही नसतं’ हे पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा. खरोखरच शेतात किंवा पाया खणताना काही निघालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी वाटून घेणं हा गुन्हा आहे.

३. आधी जागा, मग दगड

दगडावर काय कोरलंय याआधी तो कुठे आहे हे लिहा. गाव, तालुका, वाडी किंवा वस्ती, अक्षांश-रेखांश, कुठल्या देवळापासून किती पावलं, कोरीव बाजू कुठल्या दिशेला. दगड उभा आहे, टेकवलेला आहे, आडवा पडलाय, की भिंतीत चिणलाय? ‘हा मूळचा इथलाच का?’ हा प्रश्न वयस्कर माणसांना जरूर विचारा. पुष्कळ वीरगळ शिवेवरून, तळ्याकाठून किंवा ओढ्याकाठून आणून देवळाजवळ ठेवलेले असतात. मूळ जागा कळली तर निम्मं काम झालं, कारण लढाई तिथे झाली किंवा दान दिलेली जमीन तिथे होती, असा धागा हाती लागू शकतो.

मग मापं घ्या: उंची, रुंदी, जाडी. उंची जमिनीपासून वरची मोजायची आणि ‘जमिनीवरील उंची’ असंच लिहायचं. खाली किती गाडलाय हे बघायला उकरू नका. बुडाची माती सैल झाली की पहिल्याच पावसात दगड कलतो.

फोटोंचा क्रम ठरलेला ठेवा. प्रथम परिसर, मग दगडाच्या चारही बाजू, मग समोरून पूर्ण दगड, मग प्रत्येक चौकट वेगळी, शेवटी बारकावे. पूर्ण दगडाच्या आणि चौकटींच्या फोटोत मोजकाठी हवीच. कॅमेरा दगडाच्या पृष्ठभागाला समांतर धरा. वरून किंवा खालून घेतलेल्या फोटोत चौकटी तिरप्या होतात आणि मापं काढता येत नाहीत. त्रिमितीय प्रतिमा करायची असेल तर दगडाभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ६० ते ८० टक्के भाग येईल अशा बेतानं साठ-सत्तर फोटो घ्या, आणि मध्येच झूम बदलू नका.

४. तिरका उजेड

या कामात नवख्याला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी युक्ती हीच. समोरून ऊन असताना कोरा दिसणारा दगड ऊन तिरकं झालं की अचानक बोलायला लागतो. कारण साधं आहे. उजेड पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आला की प्रत्येक उथळ खाचेची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते.

पूर्वेकडे तोंड असलेला दगड ऊन त्यावरून सरण्याच्या बेतात असताना, म्हणजे मध्यान्हीच्या जरा आधी, आणि पश्चिमेचा मध्यान्हीच्या जरा नंतर बघा. उत्तरेच्या दगडाला बहुतेक वर्षभर थेट ऊन मिळत नाही, त्याच्यासाठी टॉर्च. अंधार पडल्यावर कॅमेरा तिकाटण्यावर किंवा विटांवर पक्का ठेवा. टॉर्च दगडापासून हातभर लांब, पण पृष्ठभागाला अगदी चिकटून जाईल अशा कोनात धरा. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे फिरवत आठ दिशांनी आठ फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेली वेलांटी दुसऱ्यात दिसते. दिवसा करायचं असेल तर काळ्या छत्रीनं दगडावर सावली पाडा आणि मग टॉर्च मारा.

पाण्याचा हलका फवारा मारल्यावर काळ्या बसाल्टवर अक्षरं काही मिनिटं उठून दिसतात. मात्र दगडाला पापुद्रे सुटले असतील तर पाणीसुद्धा नको.

शाईचा ठसा घेणं हे वेगळं कौशल्य आहे. ओला कागद ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवतात आणि कागद वाळत आला की कापडी गादीनं वरून शाई देतात. कागद फाटला तर शाई थेट दगडात मुरते आणि कधीच निघत नाही. शिकलेल्या माणसाच्या हाताखाली पाच-सहा ठसे घेतल्याशिवाय जुन्या दगडावर प्रयोग करू नका. नवख्याला तिरक्या उजेडाचे फोटो पुरतात.

५. दगड कुठल्या जातीचा

*वीरगळ.* खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा मरून पडलेला वीर असतो. त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेताना दिसतात. त्याच्याही वर वीर शिवलिंगाची पूजा करताना दाखवतात. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोहो बाजूंना सूर्य-चंद्र: ते आहेत तोवर कीर्ती राहील, हा त्याचा अर्थ. चौकटी तीन किंवा चार असतात, क्वचित जास्त. खालच्या चौकटीत गाई असतील तर गावची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी झालेली ती झुंज आहे. वाघ किंवा रानडुक्कर असेल तर शिकारीत किंवा गावाच्या रक्षणात गेलेला माणूस. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ही मारणारी जहाजं आहेत, म्हणजे समुद्रावरची लढाई. आज त्या दगडांभोवती मुंबईचं उपनगर उभं आहे आणि शेजारून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतात.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. नाव मिळणार नाही म्हणून निराश होऊ नका. शस्त्र कोणतं, घोडा आहे का, ढाल गोल की लांबट, केसांचा बुचडा कसा, कासोटा कसा खोचलाय, या बारकाव्यांची नोंद पुढे शंभर वीरगळ शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याच्या उपयोगी पडते.

*सतीशिळा.* कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला उभा हात ही खूण. कधी वीरगळाच्याच एका चौकटीत, कधी स्वतंत्र. ‘आशीर्वाद देणाऱ्या देवीचा हात’ म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं जातं. गावात बोलताना वाद घालू नका. नोंदीत मात्र खरं ते लिहा.

*गधेगळ.* वर सूर्य-चंद्र, मधे लेख, खाली स्त्री आणि गाढव. हा दानाचा दगड आहे. दिलेली जमीन किंवा उत्पन्न जो हिरावून घेईल त्याच्या आईवरून दिलेली ती शिवी आहे, लेखातही आणि चित्रातही. पाहणारे संकोचतात आणि त्यामुळे हे दगड झाकले, पालथे टाकले जातात. पण जमिनीच्या इतिहासासाठी याहून मोलाचा पुरावा गावात क्वचितच असतो. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध शिलालेख गधेगळच आहे, आणि तो वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून होता. गाय-वासरू कोरलेल्या दगडाला धेनुगळ म्हणतात. तोही दानाशीच जोडलेला.

देवळाच्या पायरीला उलटा लावलेला कोरीव दगड, विहिरीच्या काठाला बसवलेला खांबाचा तुकडा, धुण्याचा दगड झालेली मूर्तीची बैठक, हे सगळं नोंदवायचं. जुनं देऊळ पडल्यावर त्याचे दगड गावभर विखुरतात. त्यांची जागा नकाशावर टाकली तर मूळ देऊळ कुठे होतं याचा अंदाज येतो.

६. अक्षरं दिसली तर

पहिला नियम: वाचू नका, उतरवा. चौकोनी कागदावर एका ओळीखाली एक ओळ, जशी दिसते तशी रेघ काढा. तुटलेल्या अक्षराच्या जागी टिंबं ठेवा. अंदाजाचं अक्षर कंसात टाका. ओळी किती, अक्षराची उंची किती, लेख चौकटीत आहे की मोकळा, हेही लिहा.

लिपी कोणती ते ओळखा. लेण्यांत ब्राह्मी. शिलाहार, यादव आणि नंतरच्या दगडांवर बहुधा नागरी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर, नांदेड भागात जुनी कन्नडही पुष्कळ. किल्ल्यांचे दरवाजे, मशिदी, दर्गे यांवर फार्सी-अरबी. वसई, चौल, गोवा पट्ट्यात रोमन लिपीतली पोर्तुगीज थडगी. मोडी कागदावर अमाप, दगडावर कमी.

जुन्या नागरीत नवख्याला हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे पृष्ठमात्रा. ‘दे’ लिहिताना मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या रेघेनं देत. ती रेघ आधीच्या अक्षराचा काना वाटते आणि ‘देव’ऐवजी भलतंच वाचलं जातं. वाचन अर्थाला लागत नसेल तर आधी हे तपासा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळ संपली की शब्द मधेच तुटतो, हेही ध्यानात ठेवा.

वाचनासाठी फोटो तज्ज्ञांकडे पाठवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुरालेख (एपिग्राफी) शाखा संस्कृत आणि दाक्षिणात्य भाषांसाठी म्हैसूरला, अरबी-फार्सीसाठी नागपूरला आहे. फोटोबरोबर ठिकाण, मापं आणि तुमची उतरवलेली प्रत असेल तर उत्तर लवकर मिळतं. नुसता एक धूसर फोटो आणि खाली ‘काय लिहिलंय?’ असा प्रश्न, याला उत्तर देणं तज्ज्ञालाही अशक्य.

७. साल काढणं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

*शक.* चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. लेखात तिथी नसेल तर दोन्ही सालं जोडून लिहा.

*संवत्सर.* साठ वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक नाव असतं, तो संवत्सर. शकाबरोबर त्याचं नाव असेल तर पडताळा घ्या. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, क्षय साठावा, आणि बाकी शून्य आली तर साठावा.

*शब्दांतले आकडे.* रायगडावर समाधीपाशी सगळे थांबतात, पण शेजारच्या जगदीश्वराच्या देवळातला संस्कृत शिलालेख फार थोडे वाचतात. त्यात ‘षण्णवबाणभूमि’ अशी कालगणना आहे. षट् म्हणजे ६, नव म्हणजे ९, बाण ५, भूमी १. हे उजवीकडून डावीकडे मांडायचं: १५९६. पुढे संवत्सर दिलाय आनंद. १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८, ६० नं भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंदच. म्हणजे राज्याभिषेकाचं वर्ष, १६७४. त्याच देवळाच्या पायरीवर बांधकाम करणाऱ्या हिरोजींचं नाव ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून कोरलंय.

नेहमी येणारे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: आकाश, ख ०, चंद्र, भू १, नेत्र, कर २, राम, अग्नी, गुण ३, वेद, अब्धी ४, बाण, इषु ५, रस, ऋतू ६, मुनी, अश्व, अद्री ७, वसू, गज ८, अंक, नंद, ग्रह ९.

आक्षीच्या लेखाचं साल तुळपुळ्यांनी शके ९३४ वाचलं. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६, संवत्सर परिधावी. लेखातल्या ‘प्रधावि’शी ते जुळतं. तरीही या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पडताळा म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, अक्षरांचं वाचन स्वतंत्रपणे टिकलं पाहिजे.

*शुहूर सन, म्हणजे अरबी सन.* मराठेशाहीच्या कागदांत आणि काही शिलालेखांत हा येतो, आणि तोही अरबी शब्दांत. मृगाच्या सुमारास वर्ष बदलतं. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून मेपर्यंत ६००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, ११६१. जानेवारीतली तारीख असेल तर १७६१: पानिपतचं साल. एक ते नऊ असे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा.

*फसली.* हा शेतसाऱ्याचा सन. दख्खनी फसलीत जून ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारी ते मे ५९१. *राज्याभिषेक शक* असेल तर १६७३ किंवा १६७४ मिळवा. *हिजरी* सन चांद्र असल्यानं नुसती बेरीज चालत नाही. हिजरी सनाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. अंदाज मिळतो, नेमकं साल कोष्टकातूनच घ्यायचं.

आणि साल मिळालं तरी ते कशाचं, हा प्रश्न उरतोच. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या पोर्तुगीज घंटेवर १७२१ आहे, देऊळ १७४७ चं. वसई मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकली, तिथून ही घंटा आल्याचं सांगतात. घंटेचं साल देवळाला लावलं तर सव्वीस वर्षांची चूक झाली. उंबऱ्यावरचं साल अनेकदा दुरुस्तीचं असतं, मूळ बांधकामाचं नव्हे. लेखात ‘जीर्णोद्धार’ शब्द शोधा.

८. तीन शिक्के जे लगेच मारायचे नाहीत

‘हेमाडपंती.’ हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हा यादवांच्या महादेव आणि रामचंद्र राजांचा श्रीकरणाधिप (दफ्तराचा प्रमुख), तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० च्या सुमाराचं, शिलाहारांचं, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. दगडावर दगड रचून चुन्याशिवाय बांधलेलं प्रत्येक देऊळ हेमाडपंती म्हटलं, की दोन-तीनशे वर्षांचा इतिहास एका नावाखाली गाडला जातो. ‘चुन्याशिवायचं दगडी बांधकाम’ एवढंच लिहा.

‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं.’ नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, आणि आत गौतमी बलश्रीपासून उषवदातापर्यंत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. लोककथा नोंदवा, पण ‘लोककथा’ म्हणून.

‘अमुक महाराजांनी बांधलं.’ बांधणारं नाव अनेकदा वेगळंच असतं, आणि ते पुष्कळदा बाईचं असतं. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवरच्या शिलालेखात वीरूबाई भोसले यांचं नाव आहे, शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दिसली की आधी काठ, कमान, कोनाडे यांवर लेख शोधा, आणि मगच नाव लावा.

९. कागद

दगडाला लेख नसला तरी जमिनीला कागद असतो. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. तलाठ्याकडून गाव नमुना ३, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, आणि जुने फेरफार बघा. देवस्थान इनाम वर्ग ३ अशी नोंद दिसली तर ती जमीन कुठल्या देवाची, दिवाबत्तीसाठी की वाजंत्रीसाठी, हे सनदेत किंवा चौकशीच्या कागदात सापडू शकतं. इथला सापळा म्हणजे नंबर. जुने कागद सर्व्हे नंबर सांगतात, आजचा सातबारा एकत्रीकरणानंतरचा गट नंबर सांगतो. दोहोंचा मेळ घालणारा तक्ता मागितल्याशिवाय भलत्याच शेताचा इतिहास लिहाल.

देवस्थान नोंदलेलं असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा मिळतो. त्यात वहिवाट आणि मालमत्ता असते. कार्यालयात दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच: १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय. ‘देवळाचा सगळा इतिहास द्या’ असं मागू नका. नेमका नमुना, गट नंबर आणि वर्ष लिहा.

पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि बहुतांश मोडीत. परगणा आणि तर्फ (जुने महसुली विभाग) माहीत असल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही, कारण रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्या क्रमानं लागतात. ते आधी जुन्या सनदेवरून किंवा गॅझेटियरवरून काढून घ्या.

१०. माणसं

‘हा दगड किती जुना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘हजार वर्षं’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा. याला नैवेद्य कोण दाखवतं, आणि कुठल्या घरातलं? जत्रेत पहिला मान कुणाचा, दुसरा कुणाचा? पालखी कुठे थांबते? या शेताचं नाव काय? ‘वीराचं शेत’, ‘रणखांब’, ‘दिवटीची पट्टी’ अशी नावं सातबारावर नसतात, पण त्यांत जुनं इनाम किंवा जुनी लढाई शिल्लक असते. मानाचा क्रम बहुधा जुन्या वतनाचा क्रम असतो. वाडीवस्तीवर, गावकुसाबाहेरच्या घरांत आणि बायकांना वेगळं विचारा. पाटलाच्या ओट्यावर फक्त पाटलाचा इतिहास मिळतो. सांगणाऱ्याचं नाव छापण्याआधी त्याची संमती घ्या.

११. जीर्णोद्धार सुरू झालाच असेल तर

इथे वेळ नसतो. त्या दिवशीच सगळ्या कोरीव दगडांचे मोजकाठीसह फोटो घ्या, प्रत्येकाला दोरीनं चिठ्ठी बांधून क्रमांक द्या. रंगानं दगडावर लिहू नका. समितीकडे एवढंच मागा: दगड भरावात किंवा भिंतीत घालू नका, आवारात एका बाजूला उभे ठेवा. ओटा करणार असतील तर दगडाचं बूड वाळूत बसवा, सिमेंटमध्ये नको. सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर दगडात चढतात आणि काही वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. ऑइलपेंट तर नकोच, तो ओल आतच कोंडतो. राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय सहायक संचालकांना त्याच दिवशी फोटोंसह लेखी कळवा आणि पोच घ्या. दगड ‘जपण्यासाठी’ घरी नेऊ नका. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, आणि जागेवरून हललेला दगड अर्धा मुका होतो.

१२. नोंद लिहून पोचवा

दोन पानं पुरतात. वर ठिकाण आणि मापं, मग वर्णन, मग लेखाची उतरवलेली प्रत, मग लोक काय सांगतात, मग कागदांत काय मिळालं, आणि सर्वांत शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, तुमचा तर्क. तर्क वर्णनात मिसळला की नोंद वाया गेली. ‘वीर घोड्यावर आहे, समोर तीन पायदळ’ हे वर्णन. ‘ही यादवांची लढाई असावी’ हा तर्क.

एक प्रत पुरातत्त्व विभागाला, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक गावच्या शाळेत. समाजमाध्यमावर टाकताना उघड्यावरच्या सुट्या मूर्तींचं अचूक ठिकाण देऊ नका आणि फोटोतली ठिकाणाची माहिती काढून टाका. चोरांनाही नकाशा वाचता येतो. फोटोंच्या फाइलींना गाव, दगडाचा क्रमांक, दिशा आणि तारीख अशी नावं द्या, आणि एक संच स्वतःच्या फोनबाहेर ठेवा. पावसाळा सरला की त्याच जागी उभं राहून, तीच मोजकाठी ठेवून, तोच फोटो पुन्हा काढा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवा.